वाचकांचे प्रश्न : ध्यानाला बसवलं की मुलं हसतात

प्रश्न : सोलापुरात यंत्रमाग वस्तीजवळच्या शाळेत चौथीला शिकवते. पटावर ४८ मुलं. मधल्या सुट्टीनंतर वर्ग शांत व्हावा म्हणून रोज दहा मिनिटं डोळे मिटून ध्यानाला बसवते. अर्धी मुलं खुसखुसतात, एक मुलगी तर दोनदा रडली. काय चुकतंय?

उत्तर : बाई, दहा मिनिटं फार झाली. या वयाला सुरुवातीला दोन मिनिटं पुरेत. महिनाभरानं चार-पाचपर्यंत न्या. बडबड केली म्हणून ध्यानाला बसवणं कटाक्षानं टाळा, नाहीतर मुलं त्याला शिक्षाच समजतात.

डोळे मिटायची सक्ती नको. नजर बाकावर टेकवली तरी चालतं. घरात मारहाण पाहिलेल्या मुलाला डोळे मिटताच नेमकं तेच आठवू शकतं. त्या मुलीला वर्गासमोर "का रडतेस?" विचारू नका. तिला डोळे उघडे ठेवायचं काम द्या, म्हणजे टाळ वाजवायचं.

हा टाळ भजनातलाच. दोरीला धरून दुसऱ्या टाळानं एकदाच हलकेच टोला द्यायचा. वाटी मुठीत धरली की नाद लगेच मरतो. नाद पूर्ण विरला असं ज्याला वाटेल त्यानं हात वर करायचा. मागच्या बाकांवरचे हात आधी वर जातील, तिथं नाद कमी पोचतो. त्यांना चूक ठरवू नका. यंत्रमागांची खडखड चालू असेल तर खिडक्या लावत बसू नका. खडखड, पंखा, रिक्षा असे तीन आवाज मोजायला सांगा. वर्गात तेलुगू, कन्नड बोलणारी मुलं असतील तर सूचनेचे दोन शब्द त्यांच्या भाषेतही सांगा, फरक पडतो.

मग बोटांचा श्वास. डावा पंजा पसरायचा, उजव्या तर्जनीनं अंगठ्याच्या कडेनं वर जाताना श्वास आत, खाली येताना बाहेर. पाच बोटं, पाच श्वास. उतरण चढणीपेक्षा सावकाश, साधारण तीन मोजत वर आणि पाच मोजत खाली. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. "खोल श्वास घ्या" मात्र म्हणू नका. मुलं खांदे उचलून तोंडानं हवा ओढतात, कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, मग चक्कर आणि बोटांना मुंग्या. खिचडी खाल्ल्यावर हे सगळं बसून करता येतं. पुढे वाकायची आसनं मात्र दोन तास नकोत.

हसू येणारच. एकदा मोकळं हसू द्या आणि स्वतःही त्यांच्याबरोबर करा. बाई वही तपासत बसल्या की वर्ग हातातून सुटलाच.

रडणं, न जेवणं, झोप न लागणं दोन आठवडे टिकलं तर पालकांशी एकांतात बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. अंगावर वळ दिसले किंवा मुलानं घरच्या माराबद्दल सांगितलं तर थेट १०९८ या बालकांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.

प्रश्न : वर्गातल्या ध्यानामुळे गुण वाढतात, असं पालकसभेत सांगावं का? (मुख्याध्यापक)

उत्तर : नको. ब्रिटनमध्ये ८० हून अधिक शाळांतल्या आठ हजारांवर मुलांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. ११ ते १४ वयाच्या मुलांना वर्गात माइंडफुलनेस (आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याचा ध्यानासारखा सराव) शिकवून, शाळेत एरवी चालतं त्यापेक्षा मानसिक आरोग्यात सरस काही दिसलं नाही. बहुतेक मुलं घरी सराव करतच नव्हती. तेव्हा "घाबरल्यावर हाताशी एक उपाय" एवढंच सांगा. तेही कमी नाही.

प्रश्न : मुलगा नववीत, दमा आहे. शाळेच्या पटांगणात १२ सूर्यनमस्कार आणि कपालभाती घेतात. परवा त्याला चक्कर आली. बंद करू का?

उत्तर : कपालभाती बंद करा आणि सरांना तसं लेखी कळवा. जोरात, भराभर श्वास फेकल्यानं दमेकऱ्याची छाती आवळू शकते. फिट येणाऱ्या मुलांनाही ती नको. त्याऐवजी भ्रामरी : नाकानं श्वास घेऊन, ओठ मिटून 'म्' असा गुंजारव, पाच वेळा, श्वास न कोंडता.

सूर्यनमस्कार डॉक्टरांना विचारून चालू ठेवा, पण चारपासून सुरुवात करून. मार्चनंतर सोलापूरच्या उन्हात आठच्या आत उरका किंवा व्हरांड्यात घ्या. उपाशी पोटानंही चक्कर येते. सूर्यनमस्कारांच्या अर्धा-पाऊण तास आधी केळं पुरे. गरगरलं तर उभं न राहता लगेच खाली बसायचं. दम्याचा पंप दप्तरात वर्गात राहिला तर पटांगणात काय उपयोग? तो खिशातच हवा.