यूकेमधली गाडी सहा महिने बंद ठेवून भारतात जायचंय. टॅक्स भरला नाही आणि सॉर्नही (गाडी रस्त्यावर नाही, अशी सरकारी नोंद) केलं नाही, तर किती दंड?

८० पौंड. गाडी हललीच नाही, ही सबब चालत नाही. डीव्हीएलएच्या (गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नोंदीत टॅक्सही नाही आणि सॉर्नही नाही असं दिसलं, की पत्र आपोआप निघतं. लवकर भरलात तर निम्म्यात सुटता. पण तुम्ही इथे भारतात आणि पत्र तिकडे दाराशी पडलेलं, खरी गोम ती! इन्शुरन्सही संपला असेल तर त्याचे १०० पौंड वेगळे.

सॉर्न फुकट आहे, ऑनलाइन पाच मिनिटांत होतं. लॉगबुकवरचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा) ११ अंकी नंबर टाकला तर लगेच लागू होतं. टॅक्सच्या स्मरणपत्रावरचा १६ अंकी टाकला तर पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून. उरलेल्या पूर्ण महिन्यांचा टॅक्सही परत मिळतो.

मात्र सॉर्न केल्यावर गाडी घरासमोरच्या रस्त्यावर ठेवायची नाही. गॅरेज, ड्राइव्हवे किंवा खासगी जागाच हवी, नाहीतर चाकाला क्लॅम्प (कुलूप) लागतो. चालवायची मुभा फक्त आधी वेळ घेतलेल्या एमओटीपुरती (गाडीची सक्तीची तपासणी) किंवा तशाच दुसऱ्या चाचणीपुरती. एरवी चालवताना सापडलात तर प्रकरण कोर्टात, २,५०० पौंडांपर्यंत.