जोगला एका दिवसात काय बघावं?

प्रश्न : ऑगस्टमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन कोल्हापूरहून कर्नाटकातल्या जोग धबधब्याला जायचं म्हणतोय. पाणी असतं का? धरणामुळे धबधबा गेला, असं शेजारी म्हणतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात.

उत्तर : शेजाऱ्यांचं अर्धं खरं आहे. १९६४ मध्ये वर लिंगनमक्की धरण झालं, तेव्हापासून शरावती नदीचं पाणी विजेसाठी अडतं आणि उन्हाळ्यात नुसता काळा कडा दिसतो. पण चांगला पाऊस झाला असेल, तर ऑगस्टात २५३ मीटरवरून पाणी कोसळताना बघून सासूबाई गुडघे विसरतील. खाली उतरायला हजारावर पायऱ्या आहेत, पावसात त्या बंदही ठेवतात. त्या नादी लागूच नका, वरूनच सगळं दिसतं.

खरी अडचण धुक्याची. पडदा आला की समोर पांढरं फटक! लोक वैतागून गाडीत बसतात. तुम्ही गरम मिरची भजी घ्या आणि कठड्याशी थांबा. वारा फिरला की धबधब्याच्या चार धारांपैकी एकेक उघडते. राजा सरळसोट पडतो, रोअरर खडकातून उसळत मध्येच त्याला जाऊन मिळतो, रॉकेट तुटक तुटक सुटतं. राणी मात्र खडकावरून पसरत निवांत उतरते. मला तीच आवडते.

वेळ उरला तर पलीकडच्या सिद्दापूरच्या बाजूलाही जाऊन या. तो मुलूख १९५६ पर्यंत आपल्या मुंबई राज्यात होता, हे सासऱ्यांना सांगा. छत्री नको, रेनकोट न्या. मुक्काम जवळच्या सागर गावी करा, रात्री घाटातून गाडी हाकू नका.