वाचकांचे प्रश्न : बेसबॉलची जुनी पोस्टकार्डं

प्रश्न : अमेरिकेतल्या आतेभावाने बेसबॉल संघाचं काळं-पांढरं फोटो पोस्टकार्ड दिलंय. १९१० च्या सुमाराचं आहे म्हणतो. घरच्या घरी कसं तपासू? (एक वाचक, लातूर)

उत्तर : खेळाडूंचे कपडे अन् मिशा नंतर बघा, आधी कार्ड उलटं करा. पाठीवर मधोमध उभी रेघ असेल तर ते १ मार्च १९०७ नंतरचं. त्याआधी अमेरिकेत पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायची परवानगीच नव्हती. मग तिकीट चिकटवायची छापील चौकट बघा, तिच्या कडांवर कागदाचं नाव आणि कोपऱ्यांत खुणा असतात. 'अ‍ॅझो' हे कागदाचं नाव आणि चारही त्रिकोणांची टोकं वर, तर साधारण १९०४ ते १९१८. दोन वर, दोन खाली असतील तर १९१८ ते १९३०. त्रिकोणांऐवजी कोपऱ्यांत चौकोन निघाले, तर आतेभावाचा दावा तिथेच संपला. शिल्लक कागदावर लोक पुढेही फोटो काढत, म्हणून टपालाचा शिक्का असेल तर त्याचं आधी ऐका.

घड्याळवाल्याकडचं १० पटीचं भिंग लावा. ठिपके दिसले तर कार्ड छापखान्यातलं. ते जुनं असू शकतं, पण अस्सल फोटो नव्हे. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च अंधारात मारून बघा. कागद निळसर-पांढरा झळकला तर तो बहुधा १९५० नंतरचा.

प्रश्न : बेसबॉलपटू बेब रूथची सही असलेलं, 'हॉल ऑफ फेम' या बेसबॉल संग्रहालयातल्या त्याच्या गौरव-फलकाचं पिवळसर रंगीत कार्ड विकायला आलंय. घ्यावं का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : अजिबात नको. अमेरिकेतल्या कूपर्सटाउन गावच्या या संग्रहालयाची फलककार्डं आधी अल्बरटाइप कंपनीने काळ्या-पांढऱ्यात काढली, १९५२ पर्यंत. १९५३ पासून आर्टव्ह्यू कंपनीची, आणि पिवळी कर्टाइक कंपनीची १९६४ पासून. रूथ १९४८ मध्ये वारला. टाय कॉब हा दुसरा नामवंत खेळाडू १९६१ पर्यंत होता, त्यामुळे त्याची सही आर्टव्ह्यूवर असू शकते. क्रिस्टी मॅथ्यूसन हा खेळाडू तर १९२५ मध्येच गेला, त्याचा फलक त्यानंतरचा. त्याची सही कुठल्याच फलककार्डावर शक्य नाही. सहीचं वळण जुळवत बसण्याआधी मृत्यूचं साल बघावं, निम्मे व्यवहार तिथेच निकालात निघतात.

प्रश्न : उन्हाळ्यात फोटोकार्डं पापडासारखी वळतात. इस्त्री फिरवली तर? (एक वाचक, परभणी)

उत्तर : इस्त्रीने चित्रावरचा जिलेटिनचा थर तडकेल. मे महिन्याच्या कोरड्या हवेत हा थर कागदापेक्षा जास्त आकसतो, म्हणून कार्ड चित्राच्या बाजूला वळतं. पावसाळा लागला की ते आपोआप थोडं सैल होतं. तेव्हा दोन टीपकागदांत ठेवून वर जाड पुस्तकं ठेवा, दोन-तीन आठवडे. काचेखाली मात्र दाबू नका. दमट हवेत जिलेटिन काचेला चिकटतं आणि मग सोडवताना चित्रच निघून येतं.

पाकिटं पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची घ्या. नव्या रेनकोटसारखा वास येतो ते पीव्हीसी, काही वर्षांत ते चिकट होतं. पत्र्याच्या खोलीत किंवा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका. कसरीसाठी डांबरगोळ्या टाकू नका, खोका कोरडा नि स्वच्छ ठेवा. जुन्या अल्बमला चिकटलेलं कार्ड ओढू नका. भोवतीचं पान कापून पाठीला तसंच राहू द्या.