जातिलुविह: बालीतल्या भाताच्या गावाला जाण्याआधी

बालीबद्दलची पत्रं नेहमीच येतात. अलीकडे मात्र समुद्रकिनारे सोडून जातिलुविहबद्दल विचारणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. तबानान जिल्ह्यात, पनेबल तालुक्यात, बातुकारू डोंगराच्या दक्षिण उतारावर हे गाव वसलं आहे. २०१२ साली युनेस्कोने बालीच्या ‘सुबक’ पाणीव्यवस्थेला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात इथली भातखाचरं आहेत. सुबक म्हणजे एकाच पाटाचं पाणी मिळून वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांचा संघ. निवडक पत्रांना उत्तरं देतो.

आमच्या यादीत उबुदजवळची तेगल्लालांगची भातखाचरं आहेतच. मग जातिलुविहसाठी वेगळा दिवस का काढायचा? (पुणे)

तेगल्लालांग म्हणजे एका अरुंद घळीचा उतार. उबुदपासून जवळ, त्यामुळे गर्दी, झोपाळे, फोटोसाठी रांगा. तासाभरात बघून होतो. जातिलुविहला एकट्या सुबकाचं क्षेत्र ३०० हेक्टरच्या आसपास आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंची, मागे २,२७६ मीटरचा बातुकारू, आणि खाली नजर पोचेल तिथपर्यंत पायऱ्या-पायऱ्यांची खाचरं. या खाचरांत माणसं रोज काम करत असतात. कुणी बांध लिंपतंय, कुणी तण काढतंय, कापणी झालेल्या खाचरात बदकांचा कळप सोडलेला आहे.

एक विनंती आहे: रस्त्याकडेच्या हॉटेलातून फोटो काढून परत फिरू नका. दिवसाच्या सहलीच्या गाड्या दुपारच्या जेवणाला येतात आणि निघून जातात. बातुकारूचा माथा बहुतेक वेळा सकाळीच मोकळा दिसतो, दुपारपर्यंत ढग उतरतात. म्हणून गावात किंवा शेजारच्या वाडीत एखाद्या घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी एक रात्र तरी राहा आणि सकाळी सहाला बांधावर हजर व्हा. देनपसारहून अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर असलं, तरी वळणांचे अरुंद रस्ते आणि खालच्या भागातली वाहतूक धरून दोन तास लागतात. वाटेत तबानान शहराजवळ सांगुलानला सुबक संग्रहालय आहे. छोटंसंच, पण नांगर, विळे, पाणी वाटायची लाकडं तिथे आधी पाहिली की वर गेल्यावर काय बघायचं ते कळतं.

हिरवंगार कधी असतं? शाळेच्या सुट्टीत, मे महिन्यात गेलो तर पदरात काय पडेल? (ठाणे)

मे उत्तम. इथल्या शेतीचा क्रम समजून घ्या, मग महिना निवडणं सोपं जाईल. जातिलुविहचा मानाचा भात म्हणजे उंच वाढणारा, जुन्या वाणाचा लाल भात. तो साधारण जानेवारीत लावतात आणि जून-जुलैत कापतात. तयार व्हायला जवळजवळ सहा महिने लागतात, म्हणून वर्षातून एकदाच घेतात. त्यानंतर उरलेल्या महिन्यांत कमी दिवसांचा पांढरा भात.

जानेवारी-फेब्रुवारीत खाचरं पाण्याने भरलेली असतात, आभाळ त्यात उतरलेलं दिसतं; पण पाऊसही तेव्हाच जोरात असतो. मार्च-एप्रिलला हिरवा रंग भरतो. मेमध्ये ओंब्या भरू लागतात आणि पाऊस ओसरलेला असतो. पाखरं हाकायला बांबूची वाऱ्यावर फिरणारी भिरभिरी लावतात, त्यांचा टकटक आवाज दिवसभर चालू असतो.

मला विचाराल तर कापणीचे दिवस सर्वांत मोलाचे. लाल भात अजूनही बऱ्याच ठिकाणी ‘अनी-अनी’ने खुडतात. हे तळहातात मावणारं लहानसं पातं असतं, आणि त्याने एकेक ओंबी देठासकट कापतात. पातं मुठीत लपलेलं राहावं, देवी श्रीला, म्हणजे भाताच्या देवीला, भय वाटू नये, अशी त्यामागची श्रद्धा. ओंब्यांच्या जुड्या बांधून कणगीसारख्या उंच कोठारात ठेवतात. सगळा गाव शेतात असतो. रंग तेव्हा पिवळा-तपकिरी असतो, फोटोला हिरवा मिळत नाही, म्हणून प्रवासी कंपन्या हा काळ सुचवत नाहीत. तुम्ही मुद्दाम निवडा.

मी धुळे जिल्ह्यातला शेतकरी. आमच्याकडे पांझरा नदीवर फड पद्धत होती, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घ्यायची. सुबक म्हणजे तसंच काही का? मुलगा सहलीला नेतोय, मला शेती बघायची आहे. (साक्री)

काका, तुमच्या पत्राने मला फार बरं वाटलं. जातिलुविह बघायला तुमच्याइतका लायक पाहुणा शोधून सापडणार नाही.

हो, दोन्हींचा गाभा एकच: पाणी सगळ्यांचं, आणि वाटपाचा कारभार शेतकऱ्यांच्याच हातात. तुमच्याकडे बंधारा, पाट, पाटकरी, हवालदार, जागल्या. तिथे बंधारा, पाट, डोंगर फोडून काढलेले बोगदे आणि सुबकाचा प्रमुख ‘पकासेह’. त्याला शेतकरी निवडतात. प्रत्येक सुबकाचे स्वतःचे नियम असतात, त्यांना ‘अविग-अविग’ म्हणतात. पाट साफ करायला यायचंच, नाही आलात तर दंड. ज्याला जितकं पाणी, त्याच्यावर तितकं काम. बोगदे खोदणाऱ्या कारागिरांचा उल्लेख बालीतल्या नवव्या शतकाच्या लेखांत मिळतो, इतकी ही व्यवस्था जुनी आहे.

तिथे गेल्यावर एक गोष्ट बसून बघा. पाटाला फाटा फुटतो तिथे आडवं लाकूड किंवा आता सिमेंटचा उंबरा असतो, त्याला ‘तंबुकू’ म्हणतात. त्यात खाचा पाडलेल्या असतात. खाचेची रुंदी हाच त्या फाट्याचा हिस्सा. पाणी वाढलं तर सगळ्यांचं वाढतं, आटलं तर सगळ्यांचं त्याच प्रमाणात आटतं. कुलूप नाही, दार नाही. कुणी रात्री दगड लावला तर सकाळी डोळ्यांनीच दिसतं.

तुमच्या पद्धतीत एका फडावर, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यावर, सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, हा नियम तुम्हाला पाठ आहे. सुबकात लावणी आणि पड एकाच वेळी ठेवायची. खाचरं एकदम रिकामी झाली की तुडतुड्यांना, उंदरांना काही आठवडे खायलाच मिळत नाही आणि त्यांची संख्या आपोआप घटते. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी यावर आयुष्यभर काम केलं. वरच्या अंगाचा शेतकरी खालच्याला पाणी का सोडतो, याचं त्यांनी दिलेलं उत्तर फार सुरेख आहे. खालच्याला पाण्याची चिंता आणि वरच्याला किडीची. वरच्याने पाणी अडवलं तर खालचा त्याच्या वेळेला लावणी करू शकणार नाही. मग खालची कीड वर चढणार. दोघांचं हित एकाच वेळापत्रकात अडकलेलं. हे वेळापत्रक ठरायचं पाण्याच्या मंदिरांतल्या बैठकांत.

१९७०च्या दशकात सरकारने जास्त उत्पन्नाची वाणं आणली आणि ज्याला जमेल तितक्या वेळा लावणी करा, असा हुकूम सुटला. मंदिरांचं वेळापत्रक मोडलं. काही हंगाम भरघोस आले, मग तपकिरी तुडतुडे आणि टुंग्रो या भातावरच्या विषाणूजन्य रोगाने शेतं बसली. फवारणी वाढवली तशी कीडही वाढली. १९८६ साली इंडोनेशियाने भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी घातली. शेतकऱ्यांना काय कळतं, असं मानणाऱ्या प्रत्येक योजनाकाराने हा इतिहास वाचायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्याकडे वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या आणि फड मागे पडला. तिथे सुबक अजून उभा आहे, कारण पाण्यासोबत देवळाची बांधिलकी त्यात आहे. प्रत्येक शेताला पाणी जिथून शिरतं त्या कोपऱ्यावर बांबूचं लहानसं देवघर दिसेल. मुक्कामाच्या घरमालकाला सांगून एखाद्या जुन्या शेतकऱ्याची गाठ घालून घ्या. भाषेची फार अडचण येणार नाही. तुम्ही बांधावर उकिडवे बसलात की त्याला कळेल.

आई ७० वर्षांची, शुद्ध शाकाहारी. तिची उपासमार होईल का? (सांगली)

होणार नाही, पण सावध राहावं लागेल. अडचण मांसाची कमी आणि ‘तरासी’ची जास्त. हा कोळंबीचा आंबवलेला गोळा आहे आणि तो चटणीत, भाजीत, कशातही घालतात. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर पुष्कळदा मासे आणि तरासी चालेल असं धरतात. वाक्य पाठ करून जा: ‘तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तरासी’, मांस, मासे, तरासी नको. अंडं नको असेल तर ‘तान्पा तलुर’ जोडा.

निश्चिंतपणे खाण्यासारखं: तांबडा भात, तळलेलं टेंपे (सोयाबीन आंबवून केलेल्या वड्या), टोफू, शेंगदाण्याच्या रश्शातल्या उकडलेल्या भाज्यांचं गादो-गादो, आणि ओलं खोबरं घातलेली पालेभाजी ‘उराब’. गादो-गादोच्या रश्शात आणि उराबच्या वाटणात मात्र तरासी असू शकते, विचारून घ्या. ‘लावार’ दिसायला खोबरं घातलेल्या कोशिंबिरीसारखं असतं, पण त्यात बहुधा मांस आणि कधी रक्तही घालतात. ते टाळा. नाश्त्याला काळ्या चिकट तांदळाची, नारळाच्या दुधातली खीर मिळाली तर आईला जरूर द्या. भाजलेल्या लाल तांदळाचा चहाही इथली खासियत. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र सोबत थोडा शिधा ठेवावा, कारण बालीचं वाटण त्याशिवाय होत नाही.

आम्हीही हिंदूच. तिथल्या देवळात जाऊन पूजा करता येईल ना? (डोंबिवली)

आदराने विचारलंत तर दार बहुधा उघडतं. पण ‘आम्हीही हिंदू’ एवढ्या आधारावर सरळ आत शिरू नका. गावाजवळचं पुरा लुहूर बातुकारू हे बालीच्या मुख्य मंदिरांपैकी एक. पुरुष असो वा बाई, कमरेला लुंगीसारखं वस्त्र आणि त्यावर उपरणं बांधावं लागतं. आत मूर्ती शोधाल तर सापडणार नाही. देवासाठी दगडी आसन असतं, रिकामं. बोटांच्या टोकांत फूल धरून हात कपाळापाशी नेतात, मग पुजारी तीर्थ देतो आणि भिजवलेल्या अक्षता कपाळाला लावतो. हे पाहून आपल्या माणसाच्या अंगावर शहारा येतो. आधी पुजाऱ्याची परवानगी घ्या, विधी चालू असेल तर बाजूला बसून बघा.

घरात सुतक असल्यास तेही आपल्यासारखंच मंदिरात जात नाहीत. मासिक पाळीतही प्रवेश नाही. पटो न पटो, त्यांच्या अंगणात त्यांचा नियम पाळावा. जमिनीवर पानाच्या द्रोणात फुलं ठेवलेली दिसली तर ओलांडू नका. आणि तारखा ठरवताना न्येपी बघून घ्या. बहुधा मार्चमध्ये येणाऱ्या या दिवशी विमानतळासकट सगळं बेट चोवीस तास बंद असतं, पाहुण्यांनाही मुक्कामाबाहेर पडता येत नाही.

व्हिसा, पैसे आणि स्कूटर याबद्दल थोडक्यात सांगा. (नाशिक)

भारतीय पासपोर्टवर पोचल्यावर व्हिसा मिळतो: ३० दिवस, ५ लाख रुपिया (इंडोनेशियाचं चलन), एकदा तितकाच वाढवता येतो. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना बालीचा वेगळा दीड लाख रुपियाचा कर आहे, तो आधी भरून ठेवा. गावाच्या वेशीवर प्रवेशाचं तिकीट असतं. रोख रक्कम खालूनच घेऊन जा.

स्कूटरचा मोह आवरा. दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघातात विमा हात वर करतो. दिवसाची चालकासह गाडी करा, ती चार जणांत परवडते. गुडघे दुखत असतील तरी यायला हरकत नाही: खुणा केलेल्या पायवाटांपैकी लहान वाटा सोप्या आहेत. फक्त पकड असलेले बूट घाला, ओला बांध फार निसरडा असतो.

आपण गर्दी केल्याने गावाचं भलं होतं की वाटोळं? (कोल्हापूर)

दोन्ही होऊ शकतं. तिकिटाच्या पैशांतला वाटा गावापर्यंत पोचतो हे खरं. पण खाचराकाठी हॉटेल बांधणाऱ्याची कमाई आणि त्याच खाचरात चिखल तुडवणाऱ्याची कमाई यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरुण मुलं दक्षिणेकडच्या हॉटेलांत कामाला जातात. भातजमिनीवर बांधकाम होऊ नये म्हणून नियम आहेत, आणि त्यांवरून तिथे वादही झडतात. शेतकऱ्याने भात लावायचं सोडलं तर बघायला काहीच उरणार नाही, हे तिथल्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आपल्या हातात आहे ते करू. शेतकऱ्याच्या घरी राहा, त्याच्याच घरचं जेवा, वाटाड्या गावातला घ्या. फोटोसाठी रोपांत पाय ठेवू नका. काठावरचा बांध ढासळला तर खालच्या तीन खाचरांचं पाणी जातं. ड्रोन उडवायचं असेल तर आधी विचारा.

तिथल्या लाल भाताचं मूठभर बियाणं आणून आमच्या शेतात लावून पाहू का? (सावंतवाडी)

नको. परवान्याशिवाय परदेशातलं बियाणं आणणं भारताच्या २००३च्या वनस्पती संगरोध आदेशात बसत नाही, आणि बियाण्यासोबत रोग येण्याची भीती खरी आहे. शोभेच्या ओंब्यांची जुडीही तिथेच ठेवून या. तुमच्या सिंधुदुर्गात लाल वालय भात आहे, शेजारी गोव्यात खाजणातला, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीतला, कोरगुट भात आहे. मुठीत बी यायचंच असेल तर या दोघांचं येऊ द्या; ते लावणारी जुनी माणसं अजून आहेत, येत्या पावसाआधी त्यांच्याकडे शब्द टाकून ठेवा.