पोटात पू झालेला असताना सीए-१२५ वाढलेलं आलं, तर तो कॅन्सरच असतो का?

तुमच्या प्रश्नातली हकीकत अशी: आईंचं वय ६१, ताप आणि पोटात डाव्या बाजूला दुखणं. सीटीत मोठ्या आतड्याला लागून ५ सेंटिमीटरचा ॲब्सेस, म्हणजे पुवाचा साठा, दिसला. त्यात नळी टाकल्यावर ताप उतरला. त्याच दिवशी कुणीतरी ट्यूमर मार्करही, म्हणजे काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणाऱ्या पदार्थांच्या तपासण्या, पाठवल्या. आतड्याच्या कॅन्सरसाठी बघतात ते सीईए ३, म्हणजे नॉर्मल आलं, अंडाशयाच्या कॅन्सरसाठी बघतात ते सीए-१२५ मात्र १४८ (नॉर्मल ३५ पर्यंत). त्यात डॉक्टरांनी पाचव्या दिवशी अँटिबायोटिक बंद केलं, म्हणून तुमची काळजी आणखी वाढली.

मी पोटाचा सर्जन आहे. स्कॅन न बघता निदान सांगणार नाही, पण त्या १४८ वरून मी तरी आज काहीच ठरवणार नाही. सीए-१२५ फक्त अंडाशयाच्या गाठीतून येत नाही. पोटाच्या आतल्या पातळ अस्तराच्या पेशीही ते तयार करतात आणि अस्तर सुजलं की रक्तातलं प्रमाण चढतं. जलोदर, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढणं), तरुण बायकांत तर नुसत्या पाळीतही ते ३५ च्या वर जाऊ शकतं. आईंचा पू त्या अस्तराला खेटूनच होता. खरं सांगायचं तर ही तपासणी त्या दिवशी करायलाच नको होती.

बरं, सूज नसतानाही हा मार्कर एकट्याने फारसा कामाचा नाही. ब्रिटनमध्ये ५० ते ७४ वयाच्या २ लाखांहून जास्त स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाचं सीए-१२५ दरवर्षी तपासलं जायचं. २०२१ मध्ये अंतिम निकाल आला: त्या गटात आजार काहीसा लवकरच्या टप्प्यात सापडला, पण अंडाशयाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. निदान झालेल्या रुग्णावर उपचार लागू पडतायत का, हे बघायला मात्र हा आकडा उपयोगी पडतो.

माझी शंका दुसरीकडे आहे. मोठ्या आतड्याच्या भिंतीतले फुगवटे, म्हणजे डायव्हर्टिक्युला, सुजून फुटले की असा ॲब्सेस होतो. पण कधीकधी आतड्याचा कॅन्सर फुटूनही हुबेहूब असंच चित्र दिसतं. सुजलेली भिंत आणि गाठ यांतला फरक सीटीत दर वेळी कळतोच असं नाही. सीईए ३ आलं म्हणून निर्धास्त राहू नका, सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ते बऱ्याचदा नॉर्मलच असतं. म्हणून सूज ओसरल्यावर, साधारण ६ ते ८ आठवड्यांनी, कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने आतून तपासणी) करतात. आत्ता नाही, कारण सुजलेल्या आतड्यात हवा भरली तर ते फुटू शकतं. सीए-१२५ परत करायचं तर तेव्हाच, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये. तोवर एवढंच करा: त्याच सीटीत दोन्ही अंडाशयं कशी दिसतात, हे रेडिओलॉजिस्टना विचारा. नीट दिसली नसतील तर सोनोग्राफी.

अँटिबायोटिकचं म्हणाल तर तुमच्या डॉक्टरांचं बरोबर वाटतं. साचलेल्या पुवात औषध नीट शिरत नाही. खरा उपचार म्हणजे पू बाहेर काढणं. २०१५ मध्ये ५१८ रुग्णांवरचा स्टॉप-इट अभ्यास आला. पू किंवा घाण नीट काढून झाल्यावर एका गटाला सुमारे ४ दिवस औषध दिलं, दुसऱ्याला ताप आणि पांढऱ्या पेशी ताळ्यावर येईपर्यंत, म्हणजे साधारण ८ दिवस. पुन्हा संसर्ग, जखमेत पू किंवा मृत्यू, यांतलं काही ना काही दोन्हीकडे सारख्याच, साधारण २२ टक्के रुग्णांना झालं. रक्तात जंतू पसरले असतील किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असेल, तर गोष्ट वेगळी.

नळी काढायची घाई मात्र नको. रोजचा निचरा १०-२० मिलिलिटरच्या आत आला, ताप नाही आणि पोकळी मिटत आलीय, असं झालं की ती काढतात. निचरा एकदम थांबला आणि ताप परत चढला, तर पू संपला असं समजू नका. बहुतेक वेळा नळी तुंबलेली किंवा सरकलेली असते. त्याच दिवशी दाखवा.