पद्मिनीचं इंजिन काढू द्यावं का?

प्रश्न: मुलगा यंदा बारावी सायन्स झाला. सीईटीला ६२ पर्सेंटाइल. दारात माझ्या वडिलांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. तिचं इंजिन काढून घरीच मोटर आणि बॅटरी बसवायची, असं त्याने डोक्यात घेतलंय. सहा महिने त्यासाठी वही भरतोय. ‘कॉलेजला जात नाही, वर्षभर गाडी करतो, मग हाच धंदा करतो,’ म्हणतो. चार लाख मागतोय. गाडी द्यावी का? – एक पालक, मिरज

उत्तर: तुम्ही विचारलंय गाडीचं, पण पत्रभर काळजी मुलाची आहे. तरी आधी गाडीचंच बोलू, कारण तिथे कायदा आडवा येतो आणि चिरंजीवांनी तो वाचलेला दिसत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी आपल्या मनाने करता येत नाही. पेट्रोलची इलेक्ट्रिक करायची तर किट (मोटर, बॅटरी वगैरेंचा तयार संच) एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या, वाहनं तपासणाऱ्या संस्थेने तपासलेलं हवं. ते किट कंपनीने नेमलेल्या माणसानेच बसवायचं आणि मग आरटीओकडून आरसीवर इंधन बदलून घ्यायचं. ही सोयही १ जानेवारी १९९० पासून पुढे बनलेल्या गाड्यांनाच. तुमची ८४ ची. बरं, व्हिंटेज म्हणून नोंदवावी, तर २०२१ च्या नियमांनुसार गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी. म्हणजे २०३४ नंतर. तोवर इंजिन भंगारात गेलं असेल तर तीही वाट बंद. गाडी धड इकडची ना तिकडची.

तेव्हा चार लाख देऊ नका. १०८९ सीसीचं ते इंजिन विकू देऊ नका आणि बॉडीला कटर लावू देऊ नका. (माझ्या मामांकडे पद्मिनी होती. स्टिअरिंगवरचा तो गिअर हाताला बसला की दुसरी गाडी नकोशी वाटायची. त्यामुळे माझं मत थोडं गाडीच्या बाजूने झुकलेलं आहे, हे गृहीत धरा.)

आता मुलगा. सहा महिने त्याने या गाडीसाठी वही केली आहे, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. मला त्या वहीत रस आहे. ‘गाडी इलेक्ट्रिक करणं’ हे एक काम नाही, त्यात तीन-चार वेगवेगळे धंदे दडलेले आहेत.

वहीत मोटर आणि जुना गिअरबॉक्स जोडणाऱ्या अ‍ॅडाप्टर प्लेटची चित्रं जास्त असतील, दोन शाफ्ट एका रेषेत आले नाहीत तर बेअरिंग किती दिवस टिकेल याची चिंता असेल, तर तो मेकॅनिकलचा मुलगा आहे. त्याला कुपवाड एमआयडीसीत एखाद्या लेथवाल्याकडे महिनाभर बसवा.

पानं बॅटरीने भरलेली असतील तर गोष्ट वेगळी, आणि इथे मला जरा थांबायचंय. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा एक सेल ३.२ व्होल्टचा. ३० सेल ओळीने जोडले की ९६ व्होल्ट. डीसीमध्ये ६० व्होल्टच्या पुढे धोक्याची हद्द धरतात. घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून स्विच उघडताना ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी तशीच ताणली जाते. घरातला एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) तिथे भरवशाचा नाही. शिवाय मेन स्विच बंद केला तरी सेलची टोकं जिवंतच असतात. हातात पाना आणि बोटात अंगठी असली की काय होईल, ते त्यालाच विचारा. उत्तर नीट दिलं तर इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स. नुसतं ‘काही होत नाही’ म्हणाला, तर अजून हात लावायची वेळ आलेली नाही.

पर्याय आहेत. बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आयटीआयमध्ये मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, ज्याला हाताने शिकायचंय त्याला तो कमीपणाचा अजिबात नाही. डिग्रीला गेला तर ई-बाहा या कॉलेजांच्या स्पर्धेत टीम उतरवणारं कॉलेज शोधा. तिथे मुलं इलेक्ट्रिक बग्गी स्वतः बनवतात आणि परीक्षक तिचा नट न् नट तपासतात. घरच्या अंगणात अशी तपासणी कोण करणार?

धंद्याचं म्हणाल तर किट बनवून, तपासून, मान्यता मिळवायची म्हणजे मोठं भांडवल लागतं. विशीतल्या एकट्या मुलाचं ते काम नव्हे. बॅटरी पॅक जोडणं, तपासणं, दुरुस्त करणं हे मात्र त्याच्या आवाक्यातलं आहे.

म्हणून सुरुवात टेबलावर करू द्या. १६ सेलचा पॅक पूर्ण चार्ज झाला तरी ५८.४ व्होल्ट, साठच्या आत. त्याला बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट), फ्यूज, ई-रिक्षाची जुनी मोटर आणि कंट्रोलर जोडून ती फिरवून दाखव म्हणावं. एकट्याने नाही, एखाद्या जाणत्या वायरमनला सोबत घेऊन. एवढ्याचा खर्च मात्र करा, कुरकुर न करता.

प्रवेशाच्या फेऱ्या कुणासाठी थांबत नाहीत, त्यामुळे फॉर्म याच आठवड्यात भरा. शाखेचा क्रम लावायच्या आधी वही घेऊन त्याला माझ्याकडे पाठवा. एकट्यालाच. तुम्ही नंतर आलात तरी चालेल.