गावातून फॉरेनच्या रिसर्च फेलोशिपला अर्ज करता येतो का?

येतो ना भाऊ. तुमची गोंदियाकडच्या मामा तलावांवर (माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या ताब्यातले गावतलाव) ऐतिहासिक मानवशास्त्रात आत्ताच पीएचडी झाली म्हणता, तं पहिले जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप पाहा. पीएचडी होऊन ४ वर्षांच्या आत असाल तं पोस्टडॉकमध्ये (पीएचडीनंतरच्या संशोधनात) बसता, वयाची अट नाही. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू आहेच.

पण खरं काम होस्ट प्रोफेसर, म्हणजे तिकडं तुम्हाला आपल्या संस्थेत घेणारा प्राध्यापक, शोधायचं. जर्मनीतल्या हाले शहरात मॅक्स प्लांकची सामाजिक मानवशास्त्राची संस्था आहे, तिथल्या लोकांचे पेपर आधी वाचा अन् ज्याचं काम तुमच्याजवळ येते त्यालाच मेल करा, एकच पान, पंचवीस जणांना तोच मेल पाठवू नका, लगेच कळते. आणि ‘ग्रामीण समाज व पाणी’ असं मोघम तं बिलकुल नको. एक तलाव घ्या. १९५१ ला मालगुजारी (इकडची जमीनदारी) गेली, मग गाळ कोणी काढला, पाळ फुटली तं कोण धावलं, निस्तार पत्रकात (गावाच्या सामायिक हक्कांच्या सरकारी नोंदीत) काय लिहून आहे आणि ढीवर (मासेमार) मोहल्ल्यातली म्हातारी माणसं मासोळीच्या हक्काबद्दल काय सांगतात, हे दोन्ही शेजारी ठेवून दाखवा. कागद अन् तोंडी आठवण जुळत नाही तिथंच तुमचा प्रश्न आहे, आणि हे सामान तुमच्याजवळ आहे, त्यांच्याजवळ नाही, म्हणून गावात राहतो हे लपवू नका.

रेफरन्स लेटरसाठी गाइडला दोन महिने आधी सांगा. पीडीएफ शेवटच्या रात्री अपलोड करू नका, लाइनचा भरवसा नाही आपल्याकडं.